एक इंच माया



मागे झबल्या-टोपड्यांविषयी लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणींनी कळवलं, "आमची बाळं आता शाळेत जायला लागली, फ्रॉकचं काय ते सांगा." एकीनं तर स्पष्टच लिहिलं होतं, "मशीन आहे, कापड आहे, हौसही आहे, पण कात्री हातात घेतली की छातीत धडधडतं." अहो, ते धडधडणं मला चांगलं ठाऊक आहे. शिवण उसवता येते, टाका पुन्हा घालता येतो. कापलेलं कापड मात्र जोडलं तरी जोड दिसायचाच. म्हणून आज सहा वर्षांच्या मुलीचा साधा, बिनबाह्यांचा फ्रॉक कागदी नमुन्यावरून कसा बेतायचा ते सांगणार आहे, आणि त्याच्या जोडीला माझी एक फजितीही. फजिती म्हणते खरी, पण ती आठवली की मला अजून हसू येत नाही.

माझी आई जाऊन आता तीन वर्षं होतील. तिच्या साड्या आम्ही बहिणींनी वाटून घेतल्या. माझ्या वाट्याला तिची घरात नेसायची एक सुती साडी आली. मोरपंखी रंग, विटकरी काठ. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. निऱ्यांच्या भागात ती इतकी विरली होती की नेसण्यासारखी राहिली नव्हती, आणि बोहारणीला द्यायचा तर विचारही मनात येत नव्हता. अशी एखादी साडी तुमच्याही कपाटात असेल. आमची मनू लहानपणी आजीच्या मांडीवर याच साडीचा पदर मुठीत धरून झोपायची. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याची मुंज ठरली, तेव्हा मनूला विचारलं, "तुला कसला फ्रॉक आणू?" तर म्हणाली, "आणू नको. आजीच्या साडीचा शिव."

झालं. साडी बाहेर काढली, पलंगावर पसरली आणि तशीच घडी करून परत ठेवली. असं दोनदा झालं.

आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्यांनी घरातल्या पाच मुलांचे कपडे शिवले ते सगळे अंदाजानं. अंगावरचा एखादा फ्रॉक कापडावर उपडा टाकायचा, भोवतीनं चार बोटं सोडायची आणि कात्री चालवायची. त्या म्हणाल्या, "अगं, तिचा तो पिवळा फ्रॉक घे आणि ठेव त्यावर. कागद-बिगद कशाला?" पण मला वाटलं, आईची साडी आहे, एकदाच कापायची आहे, तेव्हा सगळं कसं शास्त्रशुद्ध हवं. शेजारच्या काकूंच्या लेकीनं परदेशातून शिवणाचं एक सुंदर मासिक आणलं होतं. त्यात मोठा तक्ता होता. एकावर एक पन्नास रेघा, जणू रेल्वेचा नकाशाच. त्यात ११६ सेंटिमीटर उंचीच्या मुलीचा फ्रॉक होता. मनूची उंची बरोबर तेवढीच. मी पातळ कागद ठेवून रेघ गिरवली, नमुना कापला, साडीवर टाचण्यांनी लावला आणि कागदाच्या कडेकडेनं, अगदी कौतुकानं, कापत गेले.

चूक कुठे झाली ते तुमच्यापैकी शिवणाऱ्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. त्या नमुन्यात माया धरलेलीच नव्हती.

माया म्हणजे शिवणीसाठी रेघेबाहेर सोडायचं जास्तीचं कापड. आपल्या शिंप्यांनी हा शब्द कुठून उचलला कोण जाणे, पण फार नेमका उचलला आहे. युरोपातल्या मासिकांच्या तक्त्यात बहुधा माया नसते, ती आपण घालायची असते. अमेरिकन पाकिटातल्या नमुन्यात बहुधा ती असते, पाच अष्टमांश इंच. नमुना कुठूनही आणा, पहिला प्रश्न हाच विचारा: यात माया धरली आहे की नाही? माझ्या त्या तक्त्याच्या कोपऱ्यात तसं लिहिलेलं होतं, पण परक्या भाषेत. काकूंच्या लेकीला विचारायला चार पावलं जायची होती, तीही मी गेले नाही. सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवणारी मी रोज मुलांना सांगते, "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा." तीच मी!

आता गणित पाहा. बाजूची शिवण अर्ध्या इंचावर घातली, तर एका बाजूला पुढच्या भागाचा अर्धा आणि मागच्या भागाचा अर्धा असा एक इंच जातो. दोन बाजूंचे दोन इंच. फ्रॉक छातीत दोन इंचांनी आवळला. खांद्याच्या शिवणीनं पुढून-मागून अर्धा अर्धा इंच खाल्ला, म्हणजे मुंढा तेवढा वर ओढला गेला. कागदावर अर्धा इंच म्हणजे काहीच वाटत नाही. काखेत वाटतो.

पण हे सगळं मला नंतर कळलं. मुंजीच्या आदल्या रात्री मी शेवटचं बटण लावलं आणि मनूला फ्रॉक घालून पाहिला. थोडा खेचून घालावा लागला, पण दिसत होता देखणा. खाली घेराला साडीचा विटकरी काठ आलेला. मी विचारलं, "काचतंय का गं कुठे?" ती म्हणाली, "नाही." पुन्हा विचारलं. "नाही म्हटलं ना!" मीही थकलेली, दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. गाठायची. मानलं तिचं.

ती गोष्ट पुरी करीन, पण आधी नमुन्याकडे वळू. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईंनी फ्रॉक शिकवते म्हणून रडगाणंच लावलं.

हे कागदी नमुने बाजारात कसे आले, त्याचीही एक गोष्ट सांगतात आणि ती आपल्यासारख्याच एका गृहिणीची आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टर्लिंग नावाचं गाव आहे. तिथे एबेनेझर बटरिक नावाचा शिंपी राहत असे. १८६३ च्या हिवाळ्यात त्याची बायको एलन जेवणाच्या टेबलावर चौकड्याचं कापड पसरून लहान मुलासाठी कपडा बेतत होती. तेव्हा मोठ्यांच्या मापाचा नमुना घेऊन तो लहान करत बसावं लागे. तिनं वैतागून नवऱ्याला म्हटलं, नेमक्या याच्या मापाचा नमुना मिळाला असता तर किती बरं झालं असतं! नवऱ्यानं ते मनावर घेतलं आणि वेगवेगळ्या मापांचे नमुने कापून विकायला काढले. पुढे ते पातळ कागदावर निघाले आणि टपालानं घरोघर गेले. (बायकोचं बोलणं मनावर घेणारे नवरे असतात, हे त्यातलं मला विशेष वाटलं. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, तर "हं" म्हणाले.)

पण विकतचा नमुना हवाच असं नाही. साध्या फ्रॉकचा नमुना आपण घरी काढू शकतो. कागद कुठला? वर्तमानपत्र वापरू नका. त्याची शाई फिक्या कापडाला लागते आणि इस्त्री फिरली की पक्की बसते. खाकी कागद उत्तम. तो नसेल तर भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेची दोन-तीन पानं चिकटवून घ्या. मी तेच करते. नमुन्याच्या मागच्या बाजूला एकादश्या आणि दुधाचे हिशेब दिसतात, त्यानं काही बिघडत नाही.

मापं घेताना मूल पातळ समीजवर असावं, अंगावर जाड कपडा नको. मुलांची एक गंमत आहे. टेप पाहिली की ती श्वास ओढून छाती फुगवतात किंवा गुदगुल्या होऊन आक्रसतात. काहीतरी बोलायला लावा आणि मग माप घ्या. टेपच्या आत आपली दोन बोटं राहिली पाहिजेत. छाती, दोन खांद्यांमधलं अंतर, खांद्यापासून कंबर आणि खांद्यापासून गुडघा एवढी चार मापं पुरतात. ती कागदावर मुलाच्या नावानं आणि तारखेनं लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती मापं खोटी झालेली असतात.

उदाहरणाला छाती २४ इंच, खांदा १० इंच आणि कंबरेपर्यंत उंची १० इंच धरू. नमुना अर्ध्या भागाचाच काढायचा असतो, कारण कापड दुमडून घडीवर ठेवायचं असतं. कागदाच्या डाव्या कडेला उभी रेघ मारा. ती छातीची मधली रेघ. त्यावर १० इंच उंची घ्या. वरच्या टोकापासून उजवीकडे खांद्याचा निम्मा, म्हणजे ५ इंच मोजा. त्याच वरच्या रेघेवर गळ्याची रुंदी छातीचा बारावा हिस्सा, म्हणजे २ इंच. गळ्याची खोली पुढे अडीच इंच, मागे एकच इंच. खांद्याचं टोक अर्धा इंच खाली उतरवून गळ्याला जोडा. आपले खांदे सरळ नसतात, लहान मुलांचेही नाहीत.

आता मुंढा. वरच्या रेघेपासून साडेपाच इंच खाली आडवी रेघ मारा. ही छातीची रेघ. तिच्यावर मधल्या रेघेपासून छातीचा चौथा हिस्सा अधिक एक इंच, म्हणजे ६ अधिक १, असे ७ इंच घ्या. तो एक इंच सैलपणासाठी. त्याशिवाय मूल हात वर करू शकत नाही. खांद्याच्या टोकापासून या खुणेपर्यंत गोलाई काढा. पुढच्या भागाची गोलाई मागच्यापेक्षा पाव इंच आत घ्या, म्हणजे पुढे चुणी पडत नाही. कंबरेला साडेसहा इंच ठेवून बाजूची रेघ जोडा. एवढा झाला नमुना.

गोलाई हातानं येत नसेल तर लाजू नका. जेवणाचं ताट ठेवून त्याच्या कडेनं काढा. मी अजून तसंच करते, आणि शाळेतल्या चित्रकलेच्या बाईही तसंच करतात हे मी पाहिलं आहे.

मग माया. ही कागदावरच दुसऱ्या रंगानं आखा. मनात ठेवू नका. मनातलं ऐन वेळी राहून जातं. गळ्याला पाव इंच, कारण तिथे उरेब पट्टी लागते आणि जास्त कापड राहिलं तर गोलाईत ते गोळा होतं. मुंढ्याला तसंच पाव इंच. खांद्याला आणि कंबरेला अर्धा इंच. आणि बाजूला पुरा एक इंच. शिंपी कापड वाचवायला इथे अर्ध्यावर येतात, पण आपण घरच्या मुलीसाठी शिवतो. बाजूची माया उसवून पुढच्या वर्षी फ्रॉक सैल करता येतो.

गळा केवढाही सुंदर काढा, त्यातून डोकं जाणार नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर वीस इंचांच्या आसपास असतो. म्हणून मागचा भाग घडीवर कापायचा नाही. त्याचे दोन भाग करायचे आणि मधल्या कडेला एक एक इंच जादा ठेवायचा. तिथे पट्टी वळवून बटणं-काजं किंवा टिचबटणं लावायची. ही फट घेरातही तीन इंच उतरवावी, म्हणजे फ्रॉक कंबरेतून वर चढवताना शिवण फाटत नाही. पुढचा भाग मात्र घडीवरच. कागदावर ठळक अक्षरात "घडीवर" असं लिहा. एकदा मी पुढचा भाग घडीऐवजी कडेवर ठेवला होता आणि छान दोन तुकडे हातात आले होते. त्या फ्रॉकला मग मी पुढे मधोमध लेस लावली. सगळ्यांनी वाखाणली.

घेराला काही नमुना लागत नाही, तो आयताकृती तुकडा. कंबरेच्या सव्वादोन ते अडीच पट रुंदी धरा. आपल्या फ्रॉकची कंबर २६ इंच होते, तर घेर ६० इंच पुरे. ३६ इंच पन्ह्याचं नवं कापड घ्याल तर दोन पन्हे जोडून घेर होतो आणि सगळा फ्रॉक दीड मीटरमध्ये बसतो. साडीचा करायचा असेल तर घेर साडीच्या लांबीत, काठ खाली ठेवून कापा. मग खाली दुमडायला नको, काठच शोभतो. बाकीच्या रुंदीत वरचे भाग बसतात, आणि पावणेदोन मीटर लांबीत काम होतं. विरलेल्या जागा आधी उजेडासमोर धरून पाहा आणि खडूनं खुणा करा. त्या वगळूनच नमुना मांडायचा.

घेर लावताना घाई करू नका. मशीनचा टाका सगळ्यांत मोठा करून कडेपासून पाव आणि पाऊण इंचावर दोन टिपा घाला. मग खालचे दोन्ही दोरे एकदम ओढा. एकच टीप घातली तर दोरा तुटतो आणि कपाळावर हात मारायची वेळ येते. चुण्या सारख्या याव्यात म्हणून कंबरेचे चार भाग करून टाचण्या लावा, घेराचेही चार भाग करा आणि टाचणीला टाचणी भिडवा.

घेराची उंची जेवढी हवी त्यापेक्षा दोन इंच जास्त ठेवून काठाच्या वर दोन आडव्या घड्या घाला. प्रत्येक घडी अर्ध्या इंचाची, म्हणजे एक इंच कापड खाणारी. मूल वाढेल तशी एकेक घडी उसवायची. सासूबाईंची ही युक्ती आहे. दिसायलाही बरी दिसते.

कापडाबद्दल एक राहिलंच. नवं सुती कापड कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवा आणि ओलसर असतानाच इस्त्री करा. कोरं कापड आटतं. जुन्या साडीला तर अस्तर लागतंच, कारण विरलेल्या सुताला ओढ सहन होत नाही. पण अस्तराचं मलमल कोरंच वापरलंत तर साडी आटून झालेली आणि मलमल आटायचं राहिलेलं. पहिल्या धुण्यात अस्तर आत ओढतं आणि वरचं कापड फुगून उभं राहतं. हे मी उशीच्या अभ्ऱ्यावर शिकले, बरं झालं.

आता मुंजीकडे येते.

दिवसभर मनू फार शहाण्यासारखी वागली. मांडवात पोरं धावत होती, ही आपली खुर्चीवर बसून. हात दोन्ही अंगाला चिकटवून. पंगतीत बसली तर लाडू पुढे असूनही हात लांब करीना, मग शेजारच्या काकूंनी उचलून दिला. "किती शांत हो तुमची मुलगी!" चार जणींनी म्हटलं आणि मला बरं वाटलं. माझ्या वडिलांनी तिला जवळ घेतलं, घेराचा काठ दोन बोटांत धरून पाहिला, अंगठ्यानं चोळला. "हा काठ..." एवढंच म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मांडवाबाहेर गेले. मी बघत होते. मला वाटलं, चला, साडीचं चीज झालं.

रात्री सासूबाई तिचे कपडे बदलत होत्या. त्यांनी मला हाक मारली, तीही नेहमीसारखी मोठ्यानं नाही. मी गेले. मनूच्या दोन्ही काखांत लालभडक वळ उठले होते. एका बाजूला कातडी सोलवटली होती. दिवसभर घामानं चरचरत असणार.

"अगं, सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिनं आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू आजीची साडी आणखी कापली असतीस."

मी काही बोलू शकले नाही. सासूबाईंनी खोबरेल तेल मागितलं, ते आणून दिलं. त्या तेल लावत राहिल्या. तिला झोप लागल्यावर एवढंच म्हणाल्या, "मूल काचतंय का म्हणून विचारायचं नसतं गं. काखेत बोट घालून बघायचं असतं."

तेव्हापासून मी मुलांच्या कपड्यांचं माप विचारून ठरवत नाही. घातल्यावर दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगते, वाकून पायाचा अंगठा धरायला सांगते, आणि मुंढ्यात तर्जनी फिरवून पाहते. बोट सहज फिरलं पाहिजे. तुमची मुलं भिडस्त असतील तर हे नक्की करा. कौतुकाचा कपडा असला की मुलं मोठ्या माणसांसाठी खोटं बोलतात.

फ्रॉक मी उसवून ठेवला होता. वाटलं, राहू दे आता. पण आठ दिवसांनी दुपारी सासूबाईच तो घेऊन मशीनपाशी आल्या. त्यांना आता सुईत दोरा दिसत नाही, म्हणून हात माझे आणि अक्कल त्यांची असं आमचं काम चाललं. दुरुस्ती अशी केली. दोन्ही बाजूंच्या शिवणी मुंढ्यापासून कंबरेपर्यंत पूर्ण उसवल्या. साडीच्या उरलेल्या भागातून, दुसऱ्या काठाच्या अडीच इंच रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या. दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच शिवणीत गेला की पट्टी दीड इंचाची राहते. म्हणजे छातीत एकूण तीन इंच मिळाले. पट्टीचं वरचं टोक गोल कापून मुंढा अर्धा इंच खाली घेतला आणि त्याला नव्यानं उरेब पट्टी लावली. कंबर वाढली, तेव्हा घेराची शिवण दोन्ही बाजूंना चार-चार इंच उसवून चुण्या सैल केल्या आणि पसरून पुन्हा बसवल्या. अस्तरालाही तशाच पट्ट्या. तुमचा एखादा फ्रॉक असा घट्ट झाला असेल तर हेच करा. कापड जुळतं मिळालं नाही तर मुद्दाम वेगळ्या रंगाचं घ्या. अर्धवट जुळणारं सगळ्यात वाईट दिसतं.

पट्ट्या कापायच्या वेळी मनू दारात उभी होती. कात्री पाहून तिचा चेहरा उतरला. मी तिला जवळ बोलावलं, आणि आजीची उरलेली साडी पलंगावर पूर्ण उलगडून दाखवली. "बघ, अजून केवढी आहे." तिनं आपल्या पावलांनी मोजली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौदा पावलं भरली. मग म्हणाली, "काप."

पट्टीच्या जागी कडेला विटकरी काठ उभा आला आहे. बघणाऱ्यांना ती नक्षीच वाटते. मनू त्या फ्रॉकवर झाडावर चढते.

आता मी कुठलाही नवा नमुना आधी मांजरपाटावर कापून पाहते. मांजरपाट स्वस्त मिळतं, जुनी चादरही चालते. कच्च्या टाक्यांनी जोडायचं, मुलाच्या अंगावर घालायचं, जिथे ओढतं तिथे खडूनं खूण करायची आणि ती सुधारणा कागदावर उतरवायची. तासाभराचं काम आहे. सासूबाई म्हणतात, "एवढ्यात माझा फ्रॉक शिवून झाला असता." झालाही असता.

दिवाळीच्या सुट्टीत घेराची एक घडी उसवली. दुसरी शिल्लक आहे.

पुढच्या वेळी फुगा बाही घेऊ. तिचा नमुना जरा मोठा असतो, तेव्हा जुन्या दिनदर्शिका रद्दीत घालू नका.